फावल्या वेळेची गोष्ट नव्हे!

आपल्या मराठी मंडळींत एक वाक्य फार वर्षांपासून सुखाने नांदते आहे. नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या माणसाची कथा एखाद्या अंकात छापून आली, की अभिनंदनाच्या जोडीला ते हमखास येते : "वा! फावल्या वेळात बरे लिहिता हो तुम्ही." कथा विज्ञानाची किंवा अद्भुताची असली तर वाक्याला शेपूटही फुटते : "डोक्याला तेवढाच विरंगुळा!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण वाईट हेतू नसलेली वाक्येच पुष्कळदा जास्त नुकसान करतात, कारण त्यांना कोणी उत्तर देत नाही. आज ते उत्तर द्यायचे आहे. वाचकांना राग आला तरी चालेल. मात्र अंक मिटल्यावर विषयही मिटू नये, एवढीच विनंती.

मी भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये राहते. रेल्वे रुळांच्या पूर्वेची ही वस्ती. एका अंगाला स्टेशनची गजबज, दुसऱ्या अंगाला गोविंदपुऱ्याचे कारखाने आणि भेलची वसाहत, मध्ये प्रभात चौराहा, अस्सी फीट रोड आणि एकाला एक चिकटलेली घरे. दारापुढे हिंदी, स्वयंपाकघरात मराठी, असा आमचा संसार. मी एका कार्यालयात हिशेबाच्या टेबलावर बसते आणि विज्ञानकथा लिहिते. या दोन क्रियापदांच्या मधला 'आणि' किती महाग पडतो, ते सांगण्यासाठी हा लेख.

पहिला मुद्दा अगदी साधा. फावला वेळ नावाची वस्तू आमच्यासारख्या घरांत नसतेच. पहाटे पाणी भरणे, मग डबे, मग साडेदहाची कचेरी, संध्याकाळी परतताना भाजी, मुलाचा अभ्यास, सासूबाईंची औषधे, रात्रीच्या पोळ्या. ओटा पुसून होतो तेव्हा साडेदहा वाजलेले असतात. त्यानंतर जे उरते त्याला साऱ्या जगात झोप म्हणतात. नोकरदार माणसाची कथा ही त्या झोपेतून कापून काढलेली असते. तिला फावल्या वेळेची म्हणणे म्हणजे पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशाला कोणी 'वरची कमाई' म्हणावे तसे आहे.

दुसरा मुद्दा याहून अवघड. ही झोप नेहमी लेखकाचीच असते असे नाही. पुष्कळदा ती दुसऱ्या कोणाची तरी असते.

मराठी विज्ञानकथेचा अलीकडचा इतिहास सांगताना आपण सगळे एक गोष्ट कौतुकाने सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानरंजन कथास्पर्धा जाहीर केली. डॉ. जयंत विष्णु नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा त्या स्पर्धेला पाठवली. नावाचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये म्हणून स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे : 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार, आणि २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. २० मे २०२५ रोजी डॉ. नारळीकर गेले तेव्हा ही हस्ताक्षराची गोष्ट पुन्हा एकदा सगळीकडे सांगितली गेली.

गोष्ट गोडच आहे. पण ती सांगताना आपण हस्ताक्षरापाशी थांबतो, हातापाशी जात नाही. तो हात मंगला नारळीकरांचा होता. त्या स्वतः गणिती होत्या. लग्न, केंब्रिज, मुली, मोठ्या माणसांचे घर, हे सारे सांभाळून त्यांनी गणितातली पीएच.डी. मिळवली ती १९८१ साली, लग्नानंतर सुमारे सोळा वर्षांनी. पुढे त्यांनी मराठी मुलांसाठी सोप्या भाषेत गणित लिहिले. २०२३ च्या जुलैत त्यांचे निधन झाले. नारळीकर पतिपत्नींनी हे कधी झाकून ठेवले नाही. दोघांनीही आपल्या सहजीवनाबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. झाकले असेल तर ते ऐकणाऱ्या आपण. आपल्याला 'फावला वेळ' हा शब्द आवडतो, कारण तो वेळ कोणाच्या वाट्याचा होता हे मग विचारावे लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की ज्या घरात कोणी लिहिते त्या घरात हा हिशेब उघड मांडावा. नवरा लिहीत असेल तर बायकोने किती तास दिले, बायको लिहीत असेल तर नवऱ्याने किती पोळ्या लाटल्या. हसू नका. हिशेबाच्या टेबलावर अनेक वर्षे बसून मला एवढे कळले आहे, की जो खर्च वहीत लिहिला जात नाही तो कोणाच्या तरी एकाच्याच डोक्यावर बसतो. आणि तो कोणाच्या, हे सीमाभागातल्या मराठी घरांतल्या बायकांना सांगायला नको. मागे एका मंडळाच्या कार्यक्रमात माझा परिचय 'गृहिणी, नोकरी, आणि लेखनाचा छंद' असा करून दिला गेला. माझ्यानंतर बोललेले गृहस्थही नोकरीच करत होते, त्यांचा परिचय मात्र 'साहित्यिक' असा झाला. छंद आणि साहित्य यांत नेमका फरक काय, तो मला त्या दिवशी समजला.

आता दुसऱ्या बाजूचे वाक्य घेऊ. तेही तितकेच घातक आहे : "खरे लिहायचे असेल तर नोकरी सोडा, झोकून द्या." हे वाक्य सहसा अशा माणसाच्या तोंडी असते ज्याच्या घराचे हप्ते फिटलेले असतात.

नोकरी लेखनाची वैरीण आहे, हा समज खोटा आहे. आणि काल्पनिकेच्या बाबतीत तर फारच खोटा. फ्रांझ काफ्का १९०८ ते १९२२ प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. दिवसा यंत्रात सापडलेल्या बोटांचे अहवाल आणि रात्री कथा, असे त्याचे आयुष्य होते. माणूस एका अवाढव्य कचेरीच्या दारात उभा आहे आणि कोणीच त्याला नीट उत्तर देत नाही, हे त्याच्या कथांतले दुःस्वप्न ज्याने कचेरी आतून पाहिली त्यालाच सुचू शकते. त्याची तक्रार होतीच, की नोकरी वेळ खाते. तक्रार खरीच होती. पण नोकरीने त्याला काय दिले हेही तितकेच खरे आहे. चीनचा लिऊ त्सुशिन हा शान्शी प्रांतातल्या एका वीज केंद्रात संगणक अभियंता होता. तिथली नोकरी करता करता त्याने 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' या नावाने पुढे जगभर गाजलेली कादंबरी लिहिली. ती २००६ साली आधी मासिकातून क्रमशः आली आणि २०१५ साली तिच्या इंग्रजी अनुवादाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. ज्यांचे आयुष्य भेलच्या भोंग्यावर गेले, त्या आमच्या शेजाऱ्यांना हे सांगावेसे वाटते : वीज केंद्रातला माणूस विश्वाच्या अंताची कादंबरी लिहू शकतो, तर टर्बाइनच्या कारखान्यातला का नाही?

आपल्याकडेही हेच आहे. भा. रा. भागवतांना आपण फास्टर फेणेमुळे ओळखतो, पण ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स मराठी मुलांच्या हातांत ठेवले ते याच माणसाने. जन्म १९१० चा, इंदूरचा. म्हणजे आपल्याच बाजूचा. त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली, 'बालमित्र' मासिक चालवले, आणि घरात लीलावती भागवत याही लेखिका होत्या. डॉ. बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, यांतला कोणीही केवळ विज्ञानकथेवर पोट भरून बसला नाही. प्रयोगशाळा, कारखाना, आकाशवाणी, अशा ठिकाणांहून ही कथा मराठीत आली. जी कथा "असे झाले तर?" या प्रश्नावर उभी असते, तिला मुळात आज कसे चालले आहे हे नेमके ठाऊक असावे लागते. ते ठाऊक होण्याची जागा म्हणजे काम. म्हणून ज्याला लिहायचे आहे त्याने नोकरी सोडावी असे मी कधीच सांगणार नाही. नोकरी करणाऱ्याला लिहू द्यावे, एवढेच सांगेन.

कारण 'झोकून द्या' म्हणणाऱ्यांचे जे दैवत आहे, त्याचीही कथा नीट वाचायला हवी. गजानन माधव मुक्तिबोध. जन्म १९१७, श्योपूर. घर मराठी, लेखणी हिंदी. ब्रह्मराक्षस, अंधारातल्या मिरवणुका, तळघरे, विहिरी : वास्तव सांगण्यासाठी 'फँटसी'चा एवढा गंभीर वापर करणारा आणि तिच्यावर तितकाच गंभीर विचार करणारा लेखक त्या काळात आपल्या भागात दुसरा दिसत नाही. शिक्षकी, पत्रकारी, आकाशवाणी, अशा नोकऱ्या करत हा माणूस उज्जैन, जबलपूर, नागपूर फिरला. १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात नोकरी मिळाली, आणि त्या थोड्याशा स्थैर्याच्या वर्षांत त्याच्या हातून मोठे काम झाले. १९६२ साली त्याच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर राज्य सरकारने बंदी घातली. ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यानंतर निघाला. या आयुष्याकडे बोट दाखवून "बघा, दारिद्र्यातूनच प्रतिभा फुलते" असे म्हणणाऱ्यांना मला विचारावेसे वाटते : त्याने जे लिहिले ते तुम्ही मोजता, न लिहिलेले कोण मोजणार? दारिद्र्याने त्याला लिहायला लावले नाही. तो दारिद्र्य असूनही लिहीत राहिला. 'मुळे' आणि 'असूनही' यांतला भेद ज्याला कळत नाही, त्याने दुसऱ्याच्या संसारावर उपदेश करू नये.

आणि आता विरंगुळ्याचे बोलू. भोपाळमध्ये राहून ज्याला कल्पना हा विरंगुळा वाटतो, त्याने हे शहर पाहिलेलेच नाही.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला. हजारो माणसे मेली. त्या वेळच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ वॉर्ड बाधित ठरले. आमच्या वस्तीपासून स्टेशन जवळच. त्या रात्री त्या स्टेशनात काय झाले ते इथल्या जुन्या माणसांना विचारावे लागत नाही, ती आपण होऊन गप्प होतात. आणि हे अचानक झाले नव्हते. राजकुमार केसवानी या पत्रकाराने आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकातून १९८२ साली एकामागून एक इशारे दिले होते. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'त पुन्हा लिहिले. त्याच्यापाशी माहिती होती, पुरावे होते, आधी झालेल्या एका अपघातातल्या मृत्यूची हकीकत होती. वाचणाऱ्यांपाशी काय नव्हते? माझ्या मते वाचणाऱ्यांपाशी कल्पना नव्हती. आपण झोपलो आहोत, वारा आपल्याकडे वळला आहे आणि खिडकी उघडी आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणण्याची सवय कोणाला नव्हती. साहेबांना तर नव्हतीच.

एखाद्या विज्ञानकथेने ती रात्र टळली असती असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे मेलेल्यांचा अपमान होईल. पण जो समाज "असे झाले तर?" हा प्रश्न मुलांचा खेळ समजतो, तो समाज "असे होणार आहे" ही बातमीही वाचून घडी घालून ठेवतो. कल्पना ही सवय आहे. व्यायामासारखी ती रोज करावी लागते, आणि काल्पनिका ही तिची तालीम आहे. कारखान्याच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलवून पीथमपूरला नेला गेला तो जानेवारी २०२५ मध्ये, चाळीस वर्षांनी. १९८४ साली कोणी कथेत लिहिले असते, की हा कचरा तुमची नातवंडे मोठी होईपर्यंत इथेच राहील, तर समीक्षकांनी तिला अतिरंजित म्हटले असते.

आता सीमाभागातल्या वाचकांशी, घरातल्या घरात बोलावे तसे, थोडे भाषेबद्दल.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये नव्याने आखली गेली. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून बदली होऊन मराठी कारकून, शिक्षक, अभियंते ट्रंका घेऊन इथे उतरले. छिंदवाडा, बैतूल, बालाघाट, बऱ्हाणपूर इथल्या घरांना तर कुठेही न हलता दुसरी भाषा मिळाली. तेव्हापासून आपल्या घरांत मराठी ही सणाची, जेवणाची आणि रागावण्याची भाषा झाली आहे. स्वप्नांची भाषा ती राहिली आहे का?

मुक्तिबोधांच्या घरात एक भाऊ हिंदीत गेला आणि धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत राहिले. 'क्षिप्रा'सारखी कादंबरी त्यांनी लिहिली, त्यांच्या समीक्षाग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गजाननराव हिंदीत गेले म्हणून हळहळणारे मराठी लोक मी पाहिले आहेत. हळहळ कशाला? ज्या भाषेने बोलावले तिच्याकडे ते गेले. उलट उदाहरण नारळीकरांचे. ते वाढले बनारसला, वडील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, शाळा हिंदी, पुढचे शिक्षण केंब्रिजचे. हा माणूस इंग्रजीतच लिहिता झाला असता तर कोणी नाव ठेवले नसते. पण १९७४ साली मराठीने एक स्पर्धा जाहीर केली होती. १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली. 'किर्लोस्कर'ने पाने दिली. म्हणजे फावला वेळ त्यांना आकाशातून मिळाला नाही. कोणीतरी विचारले, कोणीतरी जागा केली, घरात कोणीतरी लिहून घेतले. लेखक असा होतो.

मग आपण कोणाला विचारतो आहोत? बालाघाटच्या एखाद्या घरात चौदा वर्षांची मुलगी वहीच्या मागच्या पानांवर गुरूच्या चंद्रावरची गोष्ट लिहीत असेल, अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत. तिला आपण काय म्हणतो? "आधी गणिताची शिकवणी." आणि मराठी अशुद्ध आहे म्हणून वर लाल रेघ. दोन भाषांतली ती वही म्हणजे आपल्या भागाची खरी पुंजी आहे. पुण्याच्या मुलाला जे एका घरात सापडणार नाही ते तिला दोन खोल्यांत मिळालेले असते. शुद्धलेखन नंतर सुधारता येते. विझलेली गोष्ट पुन्हा पेटवता येत नाही.

म्हणून सांगणे असे, आणि ते प्रत्येकाला वेगळे आहे.

घरांना : जो कोणी लिहितो त्याला किंवा तिला आठवड्यातून तीन संध्याकाळी एक तास आणि एक टेबल द्या. त्या तासात हाक मारायची नाही, दूध उतू गेले तरी दुसऱ्याने बघायचे. हा तास उपकार म्हणून देऊ नका. कोणाच्या वाट्याचा किती जातो ते ठरवून, आळीपाळीने द्या.

मंडळांना : शाल, श्रीफळ आणि गणेशोत्सवातले पाच मिनिटांचे भाषण यांतून लेखक तयार होत नाहीत. वर्षातून एक कथास्पर्धा घ्या, कल्पनेच्या कथेची, आणि तिच्यात दोन भाषांच्या मुलांना मोकळेपणी लिहू द्या. १९७४ च्या एका जाहिरातीने काय केले ते वर सांगितलेच आहे.

संपादकांना, या अंकाच्या संपादकांसह : मराठी विज्ञानकथा मोठ्या प्रमाणात दिवाळी अंकांनीच जगवली आहे, हे आपले ऋण मोठे. पण मानधनाच्या जागी अंकाची एक प्रत पाठवून 'सेवा' हा शब्द वापरणे आता पुरे. शंभर रुपये द्या, पण द्या. छपाईवाल्याला आपण सेवा म्हणून राबवत नाही.

आणि लिहिणाऱ्यांना : स्वतःच्या लेखनाला छंद म्हणणे सोडा. आपण नम्रतेने तो शब्द वापरतो आणि घरचे, दारचे तो खरा मानतात. विचारले तर सरळ सांगा, की मी दोन कामे करते. एकाचा पगार मिळतो, दुसऱ्याचा मिळत नाही. पण दुसरे काम थांबले तर पुढच्या पिढीला मराठीत उद्याचा विचार करता येणार नाही, तिला तो दुसऱ्या भाषेतून उसना आणावा लागेल. उसनवारीची सवय लागलेल्या घराचे पुढे काय होते, ते हिशेबाच्या टेबलावरच्या बाईला कोणी समजावून सांगू नये.